मेस्ताचा राग आणि कायतानची चेन

परवा पेपरात रघुवीर मेस्त गेल्याची चौकट आली. वर फोटो, खाली चार ओळी, आणि त्यातल्या दुसऱ्या ओळीत लिहिलेलं की कैलासवासी 'अत्यंत शांत व मनमिळाऊ स्वभावाचे' होते. मी चहाचा कप खाली ठेवला. ठेवला कसला, आपटलाच. बशी फुटली. बायको म्हणाली, कोण गेलं? मी म्हटलं, गेला तो गेला, पण त्याच्यावर आळ घेतलाय बघ काय.

शांत म्हणे. मेस्त शांत असेल तर सुर्ल्याचा खनिजाचा डोंगर साखरेचा आहे. हे ज्याने लिहिलं त्याने मेस्ताला बॉनेट आपटताना ऐकलेलं नसणार. डिचोलीत मेस्ताने बॉनेट आपटलं की बाजारातल्या पिंपळावरचे कावळे उठायचे ते थेट आमोण्याच्या शेतात उतरायचे, आणि नांगर धरलेली तिथली माणसं वर बघून म्हणायची, "आज मेस्तान कोणाक तरी प्रसाद दिलो." मी सव्वीस वर्षं सुर्ल्याला खाणीच्या काट्यावर कारकून होतो. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक तोलला. तोलून बोलायची सवय हाडात मुरलेला माणूस मी, तेव्हा वाढवून सांगायचा प्रश्नच येत नाही.

मेस्त म्हणजे आमच्याकडे मिस्त्री. रघुवीर मेस्त मूळचा पेडण्यातल्या केरीचा. इंजिनाची विद्या तो पोर्तुगीज अमदानीत फौजेच्या गॅरेजात शिकला, आणि विद्येबरोबर शिव्याही. शिव्यांची त्याने वाटणी करून टाकली होती. गिऱ्हाइकाला कोकणीतून, गंजलेल्या नटाला पोर्तुगीजमधून, बॅटरीला हिंदीतून. मराठीतून तो फक्त स्वतःला शिव्या द्यायचा, कारण ती भाषा त्याच्या लेखी पवित्र होती. त्याच्या पोर्तुगीज शिवीने नट आपोआप सैल झालेला मी दोनदा पाहिलाय. एकदा तर शेजारच्या गाडीचाही झाला.

कोणी म्हटलं, मेस्ता, एवढा राग बरा नव्हे, की तो पान्याने त्या माणसाच्या छातीकडे खूण करून म्हणायचा, "यंत्राक राग येना. म्हणान तो माका करचो पडता." हे त्याचं खरंखुरं तत्त्वज्ञान होतं. यंत्र बिचारं मुकं. त्याच्यात पाणी घालायला विसरा, तेल जाळा, नको तिथे हातोडा घाला, ते काही बोलणार नाही, एक दिवस फक्त मरेल. त्याच्या वतीने कोणीतरी ओरडायला नको?

एकदा एका खाणीचा मॅनेजर जीप घेऊन आला आणि गॅरेजसमोर बसल्या जागेवरून तीनदा हॉर्न वाजवला. मेस्त हात पुसत बाहेर आला.

"हॉर्न बरो चलता. आनी कितें मोडलां?"

मॅनेजर म्हणाला, "इंजिन गरम होतंय."

"मग इंजिन वाजय. हॉर्न कित्या वाजयता?"

त्याने बॉनेट उघडलं, बघितलं की रेडिएटरात थेंब पाणी नाही, आणि मग जे बोलला ते छापण्यासारखं असतं तर मीच छापून विकलं असतं. शेवटी मॅनेजरला उन्हातल्या तेलाच्या पिंपावर बसवून म्हणाला, "इंजिन थंड जाता मेरेन तूं पसून हांगाच थंड जा." इंजिन थंड होईपर्यंत तूसुद्धा इथेच थंड हो. दोनशे माणसांना हुकूम सोडणारा तो माणूस तासभर त्या पिंपावर बसून राहिला. उठला तेव्हा पाठीमागे गोल काळा शिक्का उमटला होता. त्यानंतर खाणीची एकही जीप पाण्यावाचून आली नाही.

पण सगळ्यात मोठा राग जोर लावण्यावर. नट फिरत नाही म्हणून पान्याला पाइप लावून कोणी ताकद काढायला गेला की मेस्ताचा आवाज तारेसारखा ताणला जायचा. "आडता थंय राव." जिथे अडतं तिथे थांब. इंजिन अडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय, ते ऐकायचं की त्याची मान मोडायची? दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य डिचोलीच्या बाजारात ऐकू यायचं. लोकांनी घड्याळं लावावीत इतकं नेमाने.

त्याच्याकडे मदतनीस कधी टिकला नाही, आणि त्यातूनच एक रीत पडली होती, जी मी दुसऱ्या कुठल्या गॅरेजात पाहिली नाही. इंजिन हाताने फिरवायचं काम आलं की ते गाडीच्या मालकाने करायचं. "ज्याचें इंजिन ताचो हात," मेस्त म्हणायचा. परक्याचा हात जोर लावतो. मालकाच्या हाताला दुखतं. डॉक्टर असो, बागायतींचा मालक भाटकार असो, देवळाचा महाजन असो, धोतर खोचून, इंजिनासमोर उकिडवं बसून, पाना फिरवायचा. मेस्त वरून सांगणार, तो खालून फिरवणार.

आता कायतानची गोष्ट. ती सांगायलाच तर बसलोय.

कायतान आमचा टॅक्सीवाला. छोट्या चर्चच्या, म्हणजे कपेलाजवळच्या वाड्यावरचा किरिस्तांव, फेणीच्या बाटलीसारखा लांब मानेचा, आवाज मऊ, आणि जिभेचं टोक मात्र आतल्या बाजूने घासून ठेवलेलं. त्याची गाडी पोर्तुगीज काळातली जर्मन डिझेल, लांब नाकाची, वर पिवळी खाली काळी. सहा माणसांची गाडी; डिचोली ते सुर्ला आम्ही अकरा जण जायचो, आणि पावाची पाटी घेऊन पोदेर चढला की बारा. वीस वर्षं रोज सकाळी ती गाडी मेस्ताच्या दारात मिनिटभर थांबायची. मेस्त हातभर लांबीची एक लाकडी काठी घेऊन यायचा, एक टोक चालू इंजिनावर, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. मग कायतानला एक शिवी द्यायचा आणि आत जायचा. कायतान टोपीला हात लावायचा. झाला नमस्कार. त्या दोघांना एकमेकांबद्दल चांगलं बोलताना मी कधी ऐकलं नाही, आणि एकमेकांवाचून एक दिवस राहिलेलेही पाहिले नाहीत.

आणि मग राज्यभाषेचं भांडण पेटलं.

तरुण वाचकांना वाटेल, भाषेचं भांडण म्हणजे परिसंवाद वगैरे. इथे रस्त्यावर झाडं आडवी पडत होती. मराठी की कोकणी, घटक राज्य होणार तर कोणत्या भाषेचं, यावरून सोयरिकी मोडल्या, न्हाव्याने अर्धी दाढी करून गिऱ्हाईक उठवलं. आमच्या डिचोली-पेडण्याकडे पोथी मराठी, आरती मराठी, शाळा मराठी. मेस्त कट्टर मराठीवाला. मीही. कायतान कोकणीवाला. सगळेच चिडलेले होते, आणि खरं सांगतो, सगळ्यांपाशी कारण होतं. मला आजही राग येतो तो भांडणाचा नाही. ज्यांनी ते पेटवून दिलं आणि स्वतः पणजीला एकत्र बसून मासे खाल्ले, त्यांचा.

तर बाजारात सभा झाली. बाहेरून यायचा वक्ता वाटेतल्या झाडांपायी अडकला. लोक खोळंबले. कोणीतरी मेस्ताला गॅरेजातून ओढत आणलं आणि पिंपावर उभं केलं, त्याच त्या पिंपावर. मेस्त बोलला. असं बोलला की अंगावर काटा यावा. मराठीसाठी जीव देईन म्हणाला, पोरांच्या तोंडची आरती कोण काढून घेतो बघतो म्हणाला, अर्धा तास आग ओकला. टाळ्या थांबेनात. त्या थांबल्या तेव्हा मागून एकट्याची टाळी चालूच होती. गाडीला टेकून कायतान उभा.

"मेस्ता," तो त्याच्या मऊ आवाजात म्हणाला, "कितली गोड कोंकणी उलयलो रे तूं. आमच्या पाद्रीक पसून अशी येना."

मग लोकांच्या लक्षात आलं. मराठीसाठीचं ते अख्खं भाषण मेस्ताने कोकणीतून ठोकलं होतं, आणि मराठीवाल्या हजार माणसांत ते एकालाही खटकलं नव्हतं, कारण घरी चुलीपाशी आम्ही सगळे तसंच बोलत होतो. सभा हसली. मीही हसलो. मेस्ताने मला हसताना पाहिलं.

खोटं बोलणाऱ्याला मेस्त दोन शिव्यांत सोडून द्यायचा. कायतान खरं बोलला होता. मेस्त पिंपावरून उतरला, गॅरेजात गेला, आणि त्या दिवसापासून कायतानशी बोलणं बंद. काठी बंद, शिवी बंद. कायतानही हट्टी, रोज सकाळी गाडी दारात मिनिटभर थांबवायचा, समोर बघत बसायचा आणि निघायचा.

दोन महिन्यांनी गाडीच्या पोटातून आवाज येऊ लागला. करकर, करकर, खिळ्यांनी भरलेला डबा कोणी हलवावा तसा. मेस्ताने तो पहिल्या दिवशीच ओळखला. कायतानला सांगणार कसा? अबोला. मग संध्याकाळी मला धरलं.

"रे कारकुना. त्या मनशाक सांग, टायमिंग चेन सैल जाल्या."

मी सांगितलं. कायतान म्हणाला, "त्या मनशाक सांग, म्हाका कान आसात."

मग दोघांचे निरोप घेऊन मी पळू लागलो. रोज सकाळी ती करकर दारातून जायची आणि मेस्त दिवसभर पेटलेला. तो आवाज म्हणे त्याच्या दाढेत घुसतो. त्या दिवसांत डिचोलीत जो गाडी घेऊन आला तो कायतानच्या वाटणीच्या शिव्या खाऊन गेला.

ही चेन म्हणजे काय ते सांगून ठेवतो. इंजिनात खाली पिस्टन वर-खाली करतात, वर व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात. पिस्टन वर आला की व्हॉल्व्हने बाजूला व्हायचं. दोघांचा ताल एका चेनीने बांधलेला असतो. चेन ताणून लांबली की ताल चुकतो. एखाद दिवशी ती उडी मारते, पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह वाटेतच असतो, आणि दोघांची टक्कर झाली की इंजिन संपलं. कायतानच्या गाडीचे सुटे भाग गोव्यात नव्हते, मुंबईतही नव्हते. म्हापशाच्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं, हे इंजिन काढून फेक, ट्रकचं बसवून देतो. कायतान परत आला तो पांढरा पडून. "बापायचें काळीज काडून बैलाचें घालूं काय?" एवढंच म्हणाला. गाडी त्याच्या बापाची होती. ती चालत होती म्हणून घर चालत होतं.

त्याचा धाकटा भाऊ बोटीवर होता. त्याने जर्मनीच्या बंदरातून नवी चेन आणली, ग्रीसच्या कागदात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. एकच चेन, आणि तिची दोन टोकं सांधायला एकच जोडकडी. हरवली तर भाऊ पुन्हा यायला वर्ष.

दुसऱ्या दिवशी सकाळी कायतानने गाडी मेस्ताच्या दारात थांबवली आणि इंजिन बंद केलं. डबा पिंपावर ठेवला. स्वतः मेस्ताकडे पाठ करून उभा राहिला. मी मध्ये.

मेस्ताने डबा उघडला नाही. मला विचारलं, "ह्यात बिस्किटां आसात?"

"चेन आहे."

"ताका सांग, गाडी भितर घाल. आनी बाही वयर कर. ज्याचें इंजिन ताचो हात."

मी सांगितलं. कायतानने बाह्या वर केल्या.

मेस्ताने इंजिन पुरतं खोललं नाही. त्याची रीत वेगळी होती. रेडिएटर काढून समोर जागा केली. वरचं झाकण काढलं, चेन ताणून धरणारा दट्ट्या काढला, इंजिन हाताला हलकं लागावं म्हणून डिझेलच्या पिचकाऱ्या काढल्या. भोकाभोकांत चिंध्या कोंबल्या, कारण एक कण आत पडला तर शोधायला इंजिन चिरावं लागतं. मग जुन्या चेनीची एक कडी कानशीने घासून तोडली आणि जुनीच्या शेपटीला नवी बांधली. आता खालून इंजिन हळू फिरवायचं. जुनी चेन बाहेर येताना नवीला आत ओढत नेते. "जाता ती येता तिका वाट दाखयता," मेस्त चेनीला म्हणाला. हे आम्हा दोघांसाठी नव्हतं.

यात दोन गोष्टी पाळायच्या. उलटं कधी फिरवायचं नाही. आणि वरच्या दातेरी चाकावर चेन घट्ट धरून ठेवायची, कारण मधूनच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्या चाकाला धक्का देतात. धक्का यायच्या क्षणाला खालच्याने थांबलंच पाहिजे. कायतान खाली उकिडवा, पाना हातात. त्याला वरचं काही दिसत नाही. मेस्त वर चेन धरून. त्याला खाली काही बोलायचं नाही. आणि दोघांच्या मध्ये मी, निरोप्या. टायमिंगचं काम तिसऱ्याच्या तोंडून करायला निघालेली माणसं दुनियेत फक्त आमच्या डिचोलीतच.

"ताका सांग, घुंवडाय."

"कायतान, फिरव."

पाना फिरला. चार दात.

"ताका सांग, राव."

"थांब."

असं छान चाललं. दहा दात, वीस दात, नवी चेन चकाकत आत उतरायला लागली. आणि इथे माझं चुकलं. मला वाटलं, वा, किती दिवसांनी हे दोघे माझ्या तोंडून का होईना बोलतायत. जरा गोडी घालावी. मेस्त म्हणाला, घुंवडाय, मी म्हटलं, "कायतानबाब, मेस्त म्हणतात, फिरवा आता, चांगलं जमतंय तुम्हाला." कायतान खाली खूश झालेला दिसला. मी आणखी चढलो.

मेस्त म्हणाला, "राव."

मी म्हटलं, "कायतानबाब, मेस्तांचं असं म्हणणं आहे की..."

त्या 'की'वर खट असा आवाज झाला. वरचं चाक धक्क्याने पुढे पळालं, मेस्ताच्या हातून चेन निसटली आणि दोन दात उडी मारून बसली.

मी डोळे मिटले. आता आभाळ कोसळणार. कावळे आमोण्याला नाही, थेट बेळगावला जाणार. वाट बघितली. काही झालं नाही. डोळे उघडले तर मेस्त चेनीवर हात ठेवून तसाच उभा. तोंड उघडं, आवाज नाही. त्याच्या कपाळावरची शीर, जी मी वीस वर्षं उडताना पाहिली होती, ती सपाट झाली होती. त्या माणसाला गप्प मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि सांगतो, कुठल्याही शिवीला मी तेवढा भ्यालो नव्हतो. तो आत कान लावून होता. पिस्टन आणि व्हॉल्व्ह भेटले की नाही भेटले.

खालून कायतानने हाक मारली. महिन्यांनंतरची पहिली.

"मेस्ता."

त्याने पुन्हा हाक मारली.

"मेस्ता, गाळी दी रे." शिवी दे रे. त्याचा मऊ आवाज फाटला होता. "उलय कितें तरी. गाळी दी म्हाका."

मेस्ताने विचारलं, सरळ त्याला, "जोर काडलो?"

"ना."

"हाताक कितें लागलें?"

"घट लागलें. आडलें. रावलों."

"रावलो कित्या? राव म्हणून तुका कोणेंय सांगलें ना."

खालून कायतान म्हणाला, "वीस वर्सां बोवाळ मारता न्हय तूं, आडता थंय राव, आडता थंय राव. कान किटले. हात आपशींच रावलो."

मेस्ताने डोळे मिटून एक श्वास सोडला. व्हॉल्व्ह पिस्टनला नुसता टेकला होता. केसभर जोर लागला असता तर वाकला असता. वीस वर्षांची बोंब त्या एका मनगटात जाऊन बसली होती आणि नेमक्या वेळेला जागी झाली होती. राग आवरा म्हणून मेस्ताला उपदेश करणारे सगळे सज्जन मला त्या वेळी तिथे हवे होते. रांगेत उभं करून दाखवलं असतं.

मग शीर उडाली. शिव्या सुरू झाल्या त्या मला. 'असं म्हणणं आहे की' म्हणे. तुझ्या म्हणण्याच्या... पुढचं सोडतो. कायतानही वर उठून आला आणि सामील झाला. महिनोन्महिने एकमेकांसाठी साठवलेलं सगळं त्या दोघांनी माझ्यावर ओतलं, एकाने सुरुवात करायची, दुसऱ्याने संपवायची, दोघेही कोकणीतून, आणि त्या भाषेवरून कोणाचीच तक्रार नव्हती. मला दाराबाहेर काढलं. मी पिंपावर जाऊन बसलो. पिंप तापलं होतं. माझ्याही मागे शिक्का उमटला.

बाहेरून ऐकत होतो. मेस्ताने वरचं चाक पान्याने जागेवर आणलं, खुणा जुळवल्या. मग दोन तास आतून दोनच शब्द. घुंवडाय. राव. घुंवडाय. राव. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी जोडकडी बसल्याचा हातोडीचा ठोका. पुन्हा पूर्ण दोन फेरे हाताने. आणि मग इंजिन लागलं.

करकर नव्हती. मी आत डोकावलो. मेस्त काठी कानाला लावून उभा होता. मग त्याने ती काठी, जिला तो कोणाला बोट लावू देत नसे, कायतानपुढे धरली. "आयक."

कायतानने कान लावला. "कांयच आयकूं येना."

"तेंच आयक," मेस्त म्हणाला, आणि बॉनेट आपटलं. त्या दिवशी आमोण्याला कावळे दुप्पट गेले.

भांडण काही संपलं नाही, बरं का. पुढे राज्यभाषेचा निकाल लागला, कोकणी राज्यभाषा झाली, मराठीलाही वापरात जागा राहिली, मग घटक राज्यही झालं. मेस्त चिडला, आमचं काढून घेतलं म्हणून. कायतान चिडला, आमचं अर्धंच दिलं म्हणून. रोज सकाळी गाडी दारात थांबायची, काठी लागायची, आणि दोघे इतके कडकडून भांडायचे की आम्हा अकरा जणांना कामाला उशीर व्हायचा. जुनी चेन मेस्ताने दाराच्या खिळ्याला लावली होती. भांडण चढलं की तिला हिसका देऊन म्हणायचा, "हिका विचार." चेन काय सांगणार? पण कायतान हसायचा आणि गाडी सोडायचा.

कायतान गेला तो झोपेतच. मुली बाहेरदेशी. गाडी विकली गेली, कोणाला ते कळलं नाही. मेस्ताने सगळीकडे विचारलं. वर्षाने कोणीतरी सांगितलं, केरीला किनाऱ्यावर एका हॉटेलासमोर आहे. केरी म्हणजे मेस्ताचं गाव. आम्ही गेलो. मेस्ताने काठी बरोबर घेतली होती.

गाडी होती. पुसूनपासून चकचकीत, वाळूत अर्धी रुतवलेली, टपावर रंगीत दिवे. बॉनेट उघडून टेकवलेलं. आत इंजिन नव्हतं. इंजिनाच्या जागी मातीच्या कुंड्या, आणि कुंड्यांत हिरवा वेल, जिथे चेन फिरायची तिथून वळसा घेऊन बाहेर लोंबलेला. उघड्या पायांची दोन माणसं तिला टेकून फोटो काढत होती.

बेळगावकडचा एक वॉचमन आला. "काय पाहिजे, काका?"

मी विचारलं, "इंजिन कुठं गेलं?"

"भंगारवाल्यानं नेलं. चालू होतं म्हणे, पण काय उपयोग? नुसतं वजन."

वजन म्हणे. मला सांगतो वजन. मी त्या वॉचमनला, हॉटेलवाल्याला, भंगारवाल्याला, राज्याला, दोन्ही भाषांना, जे सुचेल ते बोललो. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका ओरडलो नव्हतो. ओरडता ओरडता लक्षात आलं, मी एकटाच ओरडतोय.

मेस्त गाडीच्या नाकासमोर उकिडवा बसला होता, कायतान बसायचा तसा. हात पुढे, पाना धरल्यासारखा. तोंड उघडं, आवाज नाही. कपाळावरची शीर सपाट. तो डिचोलीला परतला तो तसाच, आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. पेपरातल्या चौकटीने ज्याला शांत म्हटलं ते हे. लिहिणाऱ्याला काय माहीत.

मी त्याच्याजवळ खाली बसलो. दुसरं काही सुचेना म्हणून कायतानचेच शब्द बोललो.

"मेस्ता, गाळी दी रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोणाक?" म्हणाला.

मग उठला, वेल नीट आत सारला, आणि दोन्ही तळहात टेकवून बॉनेट हळूच मिटवलं. शेजारच्या माडावरचा कावळा बसल्या जागचा हलला नाही.